आयसीयूतली छातीवरची ती गोल स्टिकर : कुणी नीट समजावून सांगेल का?

चरई_ते_चेंदणी | सोमवार, रात्री ११.५२

बाबांना मागच्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला, चार दिवस आयसीयू. आता घरी आहेत, बरे आहेत. त्यामुळे 'काळजी घ्या' छाप प्रतिसाद नकोत, फोन घेऊन घेऊन आईचा घसा आधीच बसलाय.

धागा वेगळ्याच गोष्टीसाठी काढतेय. तिसऱ्या रात्री मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. बाबा झोपलेले, मी पायाशी उभी. एकदम मॉनिटर किंचाळायला लागला आणि वरची हिरवी रेषा सपाट. सिनेमात दाखवतात ना, अगदी तशी. तिच्याखालची पिवळी रेषाही सपाट. माझ्या पायातलं बळच गेलं. आणि बाबा मात्र मंद सुरात घोरतायत!

सिस्टर आल्या. धावपळ नाही, काही नाही. बाबांचा गाऊन बाजूला केला तर डाव्या बाजूचं एक गोल स्टिकर अर्धं सुटून लोंबत होतं. ते काढलं, गॉजने जागा खसाखसा पुसली, नवीन चिकटवलं, टक् करून वायर बसवली. रेषा परत नाचायला लागली. "काही नाही ताई, स्टिकर निघालं होतं." आणि गेल्यासुद्धा. मी तिथेच भिंतीला टेकून दहा मिनिटं उभी.

तर प्रश्न असे. एक, एवढ्या लाखोंच्या मशीनचा जीव एका स्टिकरमध्ये कसा काय? दोन, बाबांच्या छातीवर आता पाच-सहा लालसर गोल डाग आहेत, खाजतात, काय लावू? तीन, बिलात 'ईसीजी इलेक्ट्रोड, ५० नग' आहे. छातीवर मी पाचच मोजले होते. बाकीचे ४५ कुठे गेले? टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) ती ओळ सरळ खोडली आहे, ते पैसे आमच्या खिशातून गेले.

---

माजिवडा_नाका | मंगळवार, सकाळी ७.१५

कुठे जाणार? खिशात. सगळा पैसे काढायचा धंदा आहे. बातम्यांत बघतो तेच.

---

नाइटड्यूटी | मंगळवार, सकाळी ९.०५

रात्रपाळी संपवून नेरूळला घरी जाता जाता लोकलमध्ये टाइप करतेय, चुका समजून घ्या. १४ वर्षं आयसीयूत काढली आहेत.

माजिवडाभाऊ, चहा घ्या आधी.

ताई, ५० चा हिशोब मी लावून बघते. मॉनिटरचे ५, बरोबर. पण अँजिओप्लास्टीच्या पेशंटचा बारा लीडचा, म्हणजे बारा कोनांतून हृदयाची वीज दाखवणारा, ईसीजी रोज निघतो, प्रोसीजरच्या आधी, नंतर, आणि छातीत जरा दुखलं म्हणाले की पुन्हा. त्याला दहा जागी लावावं लागतं. काही ठिकाणी तो रबरी बल्ब आणि चिमटे लावून काढतात, तिथे स्टिकर लागत नाहीत. काही ठिकाणी स्टिकरवर काढतात, म्हणजे दर वेळी १०. असे तीन ईसीजी धरले तर ३०. कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) वेगळे लागतात, कारण तिथे एक्स-रेच्या आड येणारी जागा सोडून लावायचे असतात. मॉनिटरचे रोज बदलले तर त्याचे २० वेगळे. ५० होतात की! अर्थात, ५० चं पाकीट तुमच्या नावावर फोडलं आणि उरलेलं दुसऱ्या बेडला गेलं, असंही कुठे कुठे होतं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी (न येवो) डिस्चार्जच्या दिवशी उरलेले नग परत करून बिलातून वजा करायला सांगा. फार्मसीत रिटर्न होतात, पाकीट फोडलेलं नसेल तर.

पण मला खरं बोलायचंय ते सुटलेल्या स्टिकरबद्दल. बाबांच्या छातीवर केस आहेत का हो दाट?

---

चरई_ते_चेंदणी | मंगळवार, सकाळी ९.२०

आहेत! आई त्यांना अस्वल म्हणते. आणि दुसऱ्या दिवसापासून बारीक ताप होता, घाम सुटायचा. तुम्हाला कसं कळलं?

---

नाइटड्यूटी | मंगळवार, सकाळी ९.४१

कळणार नाही तर काय. केसावर चिकटवलं की स्टिकर कातडीला नाही, केसांना चिकटतं. मग बाबा कुशीवर वळले की वायर ओढली जाते आणि सुटतं. पहिल्या दिवशी मशीनने केस बारीक करून घेतले तर चार दिवस निवांत जातात. वस्तरा नको, बारीक कापलं जातं आणि मग जेल झोंबतं.

आमच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवलेली रीत सांगते. जागा साबणपाण्याने पुसायची, कोरडी करायची, कोरड्या गॉजने जरा जोरात घासायची, इतकी की किंचित गुलाबी दिसेल. स्टिकरचा मधला भाग कोरडा पडलाय का ते बोटाने बघायचं. वायर आधी स्टिकरला लावायची आणि मग स्टिकर छातीवर. उलटं केलं तर टिचबटण बसवायला पेशंटच्या छातीवर दाबावं लागतं, बायपासवाल्याला विचारा तेव्हा कसं वाटतं ते. आणि चिकटवताना कडेकडेने दाबायचं, मधोमध नाही. मध्ये दाबलं की जेल बाहेर येऊन चिकटपट्टीखाली जातं, झालं, दोन तासांत सुटलं.

हे सगळं मला येतं. रात्री दोन वाजता एका सिस्टरकडे चार बेड असताना मी हे सगळं करते का? नाही करत दर वेळी. खरं सांगितलं.

---

पाचवी_लीड | मंगळवार, दुपारी १.३०

मी बायोमेडिकलवाला. रबाळ्यात बसतो, दिवसभर ठाणे-नवी मुंबईत मॉनिटर दुरुस्त करत फिरतो. दहातल्या निम्म्या तक्रारी 'मॉनिटर बिघडलाय' अशा येतात आणि जाऊन बघावं तर मॉनिटर ठणठणीत, स्टिकर वाळलेलं. पाकीट फोडून ट्रॉलीवर उघडं ठेवलेलं असतं, एसीच्या झोतात. त्या फॉइलच्या पाकिटाला काही अर्थ आहे हो. आतलं जेल ओलं राहावं म्हणूनच ते असतं.

पहिल्या प्रश्नाकडे येतो. हृदयाची वीज छातीच्या कातडीवर पोचेपर्यंत साधारण एक मिलिव्होल्ट उरते. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दीड हजार पट. एवढीशी वीज पकडायची आणि मध्ये आडवी कातडी. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर १०-२० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा. पण कोरडा असला की विजेला भिंतच. सिस्टर गॉजने घासतात ते या थरासाठी. मळ काढायला नाही.

आता गंमत. शरीरात वीज वाहून नेतात आयन, म्हणजे मिठाच्या पाण्यातले सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड वगैरे. तांब्याच्या वायरीत वाहतात इलेक्ट्रॉन. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. मेन लाइनने ठाण्याला उतरलात आणि वाशीला जायचंय तर पूल चढून नऊ-दहा नंबरला जावंच लागतं ना, तसा पूल लागतो. तो पूल म्हणजे चांदी आणि तिच्यावरचा सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर. क्लोराइड या थरात येतो-जातो आणि त्या बदल्यात इलेक्ट्रॉन वायरीत जातो-येतो, दोन्हीकडे, सहज. पुलावर गर्दी तुंबत नाही.

साधं स्टील लावलं तर? तुंबते. धातूवर चार्ज साठत जातो, रेषा वरखाली भरकटते. सगळ्यात वाईट म्हणजे शॉक दिल्यावर. डिफिब्रिलेटरचा झटका बसला की स्टीलवर एवढा चार्ज साठतो की नेमकं जेव्हा बघायचंय 'हृदय चालू झालं का', तेव्हाच काही सेकंद रेषाच दिसत नाही. म्हणून अमेरिकेच्या ईसी१२ या मानकात अट आहे की शॉकनंतर पाच सेकंदांत स्टिकरवर उरलेला विजेचा दाब १०० मिलिव्होल्टच्या खाली यायला हवा. आणि दोन स्टिकर जेलला जेल चिकटवून मोजले तर विजेला होणारा अडथळा १० हर्ट्झला (सेकंदाला दहा हेलकावे) सरासरी २ हजार ओहमच्या आत.

स्टिकर उलटं करून बघा कधी. मधोमध स्पंजची टिकली, जेलने भिजलेली. तिच्यामागे छोटी चकचकीत राखाडी टिकली, ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते, वर चांदी आणि क्लोराइडचा मुलामा. तेवढ्यासाठी गोळा करून जांभळी नाक्यावर मोडायला नेऊ नका, नखाएवढीही निघणार नाही.

ताई, तुम्ही म्हणालात हिरवी आणि पिवळी दोन्ही सपाट झाल्या. तिसरी, बहुतेक निळी, चालू होती ना? रंग कंपनीगणिक बदलतात, पण तुम्ही सांगताय त्यावरून असं दिसतं.

---

चरई_ते_चेंदणी | मंगळवार, दुपारी १.५५

थांबा, आठवते. हो! खाली एक डोंगर-डोंगर जाणारी रेषा होती, ती चालूच होती. तेव्हा त्याचा अर्थ लावायला डोकं कुठे होतं.

---

पाचवी_लीड | मंगळवार, दुपारी २.१०

ती बोटाच्या चिमट्याची. ऑक्सिजनचा चिमटा उजेडावर चालतो, स्टिकरशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं म्हणून डोंगर येतो. हृदय खरंच थांबलं असतं तर तो डोंगरही काही सेकंदांत आडवा झाला असता. डोंगर चालू आणि वरची रेषा सपाट म्हणजे वायरी-स्टिकरचा घोळ. बहुतेक कोपऱ्यात 'लीड ऑफ' असं लिहूनही आलं असेल. मशीन वायरींतून अगदी बारीक करंट सोडून सतत चाचपत असतं की पलीकडे माणूस आहे का.

अर्थात हे वाचून कुणी आयसीयूत उभं राहून 'डोंगर चालू आहे, सिस्टरांना बोलवायला नको' असं ठरवू नका. सिस्टरांना बोलवाच. फक्त तुमचं काळीज तेवढं थाऱ्यावर राहील.

आणि पिवळी रेषा श्वासाची. ती त्याच स्टिकरांतून येते, हे बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतं. मशीन दोन स्टिकरांमध्ये उच्च वारंवारतेचा, पेशंटला कळणारही नाही इतका छोटा करंट सोडतं. छाती फुगली की अडथळा वाढतो, खाली गेली की कमी होतो. त्यावरून श्वास मोजतं. म्हणून एक स्टिकर सुटलं तर नाडी आणि श्वास दोन्ही एकदम 'बंद'. बघणाऱ्याची पाचावर धारण बसणार नाही तर काय.

---

घंटाळीकर | मंगळवार, सायंकाळी ६.४०

धागा छान चाललाय. मी ईसीजी तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तुमच्या या स्टिकरांच्या आधी आमचं राज्य होतं. रबरी बल्ब, धातूच्या वाट्या, मनगट-घोट्याला पट्टे किंवा चिमटे आणि जेलीची ट्यूब. जेली संपली की गॉज मिठाच्या पाण्यात बुडवून लावायचो, ईसीजी फर्स्ट क्लास येई. बल्ब दाबून सोडला की छातीला पकडायचा, काढताना 'फॉप्' असा आवाज, आणि पेशंटच्या छातीवर सहा गोल चट्टे. आजोबा लोक म्हणायचे, "अहो, तुंबड्या लावल्या की काय?"

मिठाचं पाणी हीच तर सुरुवात. नेदरलँड्सचे आइन्थोव्हेन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी ईसीजी वापरण्याजोगा केला, ते पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे. तेच त्यांचे इलेक्ट्रोड. मशीन जवळपास २७० किलोचं, चालवायला पाच माणसं. १९२४ साली नोबेल मिळालं. आज आपण दोन हात आणि एक पाय असं जे त्रिकोणाचं गणित करतो ते त्या भांड्यांपासून आलंय. आणि मॉनिटरवाले हातापायाचे स्टिकर खांद्याखाली आणि बरगड्यांच्या काठाला लावतात, तोच त्रिकोण जरा आवळून छातीवर बसवलेला.

आता एक फजिती सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. घाईत उजव्या हाताचा चिमटा डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला. कागद काढून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. पहिल्या लीडमध्ये सगळं उलटं. मला म्हणाले, "ह्या गृहस्थांचं हृदय उजवीकडे आहे का?" मी म्हणालो, बघून येतो! अगदी माझ्या निरोपसमारंभातही तो किस्सा सांगितला गेला.

माझी चूक मी मान्य केली, पण रंगांनीही लोक फसतात. आपल्याकडे दोन्ही पद्धतीच्या मशीन येतात. युरोपीय पद्धतीत लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. अमेरिकन पद्धतीत पांढरा उजवा, काळा डावा हात, लाल डावा पाय, हिरवा उजवा पाय. म्हणजे एका मशीनचा लाल खांद्याला, दुसऱ्याचा लाल पोटाजवळ. एकाच वॉर्डात दोन्ही असले की नव्या पोराचं काय होत असेल विचार करा. रंग पाठ करू नका, वायरीवरची अक्षरं वाचा, हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला सांगायचो.

त्वचेला मात्र आम्ही स्पिरिटच लावायचो. नाइटड्यूटी ताई साबणपाणी म्हणतात. आमचं काही बिघडलं नाही.

---

नाइटड्यूटी | मंगळवार, रात्री ८.१५

काका, तुमचा बल्ब पाच मिनिटं लागायचा. आमचं स्टिकर २४ तास राहायचं असतं. स्पिरिटने कातडी आणखी कोरडी पडते, आणि ओलं असतानाच स्टिकर लावलं तर चिकटतही नाही, झोंबतं ते वेगळं. तेल, घाम फारच असेल तर स्पिरिट, मग पूर्ण सुकू द्यायचं. नाहीतर साबणपाणी.

---

घंटाळीकर | मंगळवार, रात्री ८.३०

बरं. पण आमचे ईसीजी आजही फायलीत चकचकीत आहेत. :)

---

ऐरोली_फास्ट | मंगळवार, रात्री १०.०५

(ट्रान्सहार्बरला फास्ट गाडी नसते हे मला माहीत आहे, आयडी जुना आहे.)

माझा अनुभव घाला यात. मे महिन्यात २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) लावला होता. छातीवर स्टिकर, कमरेला छोटं यंत्र, आंघोळ बंद. डॉक्टर म्हणाले नेहमीसारखं वागा, ऑफिसला जा. गेलो. ठाण्याहून सकाळी ८.४० ची पनवेल, दिघ्यापर्यंत दार, मग आत ढकलला गेलो. कोपरखैरणेला पोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा इतका घाम. घरी येऊन पाहिलं तर दोन स्टिकर पोटावर सरकलेले, एक शर्टाच्या आतल्या बाजूला चिकटलेलं. रिपोर्ट आला : 'चार तासांचं रेकॉर्डिंग वाचण्यायोग्य नाही.' परत लावला. या वेळी रविवारी, घरात, पंख्याखाली. तेव्हा अर्थातच हृदय एकदम सज्जनासारखं वागलं.

प्रश्न : घामाने सुटतं तर स्टिकरच्या वरून मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) मारली असती तर चाललं असतं का? आणि सुटलेलं परत चिकटवलं तर?

---

पाचवी_लीड | बुधवार, सकाळी ८.५०

मायक्रोपोरने वायरीचा छोटा वेटोळा करून तो छातीला चिकटवा. मग ओढ वायरीवर आली तर टेप सहन करते, स्टिकर नाही. मॉनिटरवरच्या पेशंटलाही हीच युक्ती. स्टिकरच्या डोक्यावरून टेप मारून काही फायदा नाही, खाली घाम साठून ते सरकणारच.

सुटलेलं परत चिकटवू नका. जेलला केस, मळ, वाळलेली कातडी लागलेली असते. एका ठिकाणी मी पाहिलंय (नाव घेत नाही), वाळलेल्या स्टिकरवर सोनोग्राफीची जेल थापून परत वापरत होते. तिच्यात ईसीजीच्या जेलसारखं मीठ नसतं. रेषा येते, पण जाडजूड, केसाळ. ती केसाळ रेषा म्हणजे महावितरणची वीज. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, ती हवेतूनच माणसावर बसते. सगळ्या स्टिकरांचा अडथळा कमी आणि सारखा असला तर मशीन ती वजा करून टाकतं. एक ओलं एक वाळकं असलं की वजाबाकी चुकते. याच कारणाने एका पेशंटला दोन कंपन्यांचे स्टिकर मिसळून लावू नयेत. लावतात.

---

माजिवडा_नाका | बुधवार, सकाळी १०.३०

एवढी माहिती आहे तर रोज बदलायचे कशाला? पैसेच ना शेवटी.

---

पाचवी_लीड | बुधवार, सकाळी ११.१०

आकडा देतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दोन विभागांत रोज स्टिकर बदलून पाहिले, २०१३ साली ते छापून आलं. दर बेडमागे रोजचे अलार्म सरासरी ४६ टक्क्यांनी कमी झाले. आता तुम्हीच सांगा. दिवसभर वाजणारा अलार्म ऐकून ऐकून माणसाचे कान बधिर होतात. शंभर वेळा 'स्टिकर निघालं' आणि एकशे एकाव्या वेळी खरं.

---

नाइटड्यूटी | बुधवार, सकाळी ११.४५

+१. आणि खोट्या अलार्मचा राजा म्हणजे दात घासणारा पेशंट. एकदा सकाळी सहाला स्क्रीनवर भयंकर व्हीटी (हृदयाची जीवघेणी वेगवान धडधड), आम्ही तिघी आणि डॉक्टर क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली) घेऊन पळालो. काका बेडवर मांडी घालून, तोंडात फेस, ब्रश खालीवर. आम्हाला बघून हात थांबला, व्हीटी पण थांबली! हाताच्या हालचालीने दंडाच्या स्नायूची वीज आणि वायरीचा हेलकावा, दोन्ही मिसळतात. म्हणून स्टिकर मांसल भागावर नको, हाडाजवळ हवं.

डागांचं राहिलंच, ताई. लाल रिंग असेल, म्हणजे मधला भाग बरा आणि कडा लाल, तर चिकटपट्टीच्या डिंकाचा त्रास. मधली टिकलीच लाल असेल तर जेलचा. काहींना नुसतं ओढून काढल्यामुळेही होतं, वरचा थर सोलला जातो. आपल्या रंगाच्या कातडीवर लाल गेलं तरी तपकिरी डाग काही महिने राहतो, घाबरू नका. पाणी भरलेले फोड असतील किंवा पसरत असेल तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर फाइलवर लिहून घ्या की स्टिकरचा त्रास होतो. दुसऱ्या प्रकारचे मिळतात. आम्ही तर अशांना जागा बदलून खांद्यामागेही लावतो.

---

कळव्याची_सून | बुधवार, दुपारी ३.२०

लावायच्या आधी थोडं खोबरेल चोळलं तर डाग पडणार नाहीत ना? बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होतं तेव्हा त्याच्या छातीवरचे बघून मला तेच सुचलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

---

नाइटड्यूटी | बुधवार, रात्री ९.५०

लावायच्या आधी अजिबात नाही, चिकटणारच नाही. काढताना मात्र जरूर. कडेला थोडं तेल, दोन मिनिटं थांबायचं. मग एका हाताने कातडी दाबून दुसऱ्या हाताने स्टिकर सपाट, कातडीला घासत, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने हळूहळू. वर ओढायचं नाही, फटकन तर नाहीच. बाळांचे स्टिकर वेगळे असतात, छोटे, मऊ, वायर आधीच जोडलेली. कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की आम्ही पाण्याने भिजवून भिजवून काढतो. तुमचं बाळ आता कसं आहे?

---

कळव्याची_सून | बुधवार, रात्री १०.१५

आता बालवाडीत जातो, घर डोक्यावर घेतो.

---

क्लेम_कारकून | गुरुवार, दुपारी १२.४०

टीपीएमध्ये काम करतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

आयआरडीए या विमा नियामकाच्या २०१३ च्या यादीत ईसीजी इलेक्ट्रोडसमोर चक्क सवलत लिहिली होती : ओटी किंवा आयसीयूत जाणाऱ्या प्रत्येक केसला ५ पर्यंत लागतात, मुक्काम लांबला तर दर दुसऱ्या दिवशी किमान एक संच द्यायला हवा. नंतरच्या यादीत मात्र सरळ 'लिस्ट १' मध्ये टाकले, ग्लोव्हज, मास्क, डायपर यांच्या पंगतीला. लिस्ट १ म्हणजे पॉलिसीत वेगळं कबूल केलेलं नसेल तर मिळत नाही. तुमच्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर ती यादी असणार, बघा. कंझ्युमेबल्सचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर ओळ परत मागा, पत्र लिहा, मिळते. नसेल तर आमच्याशी भांडून उपयोग नाही.

आयसीयूत ज्या वस्तूशिवाय मॉनिटरच चालत नाही ती डायपरच्या यादीत कशी, हा प्रश्न मलाही पडतो. पण तो टाइप करायला मला पगार मिळत नाही.

---

माजिवडा_नाका | गुरुवार, दुपारी १.०५

पहिल्यांदा टीपीएवाल्याशी सहमत.

---

पाचवी_लीड | गुरुवार, दुपारी ४.३०

एक राहिलं, महत्त्वाचं. घरचं कुणी मॉनिटरवरून एमआरआयला जात असेल तर नेहमीचे स्टिकर आणि वायरी काढल्यात ना, हे एकदा तोंडाने विचारा. धातूचं बटण आणि वायर त्या खोलीत तापून भाजल्याच्या घटना झाल्या आहेत. एमआरआयसाठीचे वेगळे इलेक्ट्रोड असतात, ते तिथलेच लोक लावतात.

---

चरई_ते_चेंदणी | रविवार, सकाळी ११.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉलिसी बघितली, कंझ्युमेबल्सचं कव्हर नाही. विषय संपला.

एक सांगायला आले. काल बाबांना छातीचा एक्स-रे काढायला नौपाड्यात नेलं होतं. बनियन काढा, गळ्यातलं काढा, श्वास रोखा, सगळं झालं. आतून तंत्रज्ञाचा आवाज : "आजोबा, खिशात नाणं आहे का?" बाबा म्हणाले, "अहो, अंगात शर्टच नाही, खिसा कुठला?" तो बाहेर येऊन मला स्क्रीन दाखवतो, तर डाव्या खांद्याच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा. बाबांना मागे वळवलं. खांद्यामागे एक स्टिकर, बटणासकट, आठ दिवस! घरी आल्यापासून आई पुढूनच अंग पुसून देत होती, पाठीला हात पोचत नाही म्हणून बाबा "राहू दे, राहू दे" करत होते.

तिथल्या तिथे काढणार होते, पण नाइटड्यूटी ताईंचं आठवलं. एक्स-रे काढायचा राहिला. सोमवारी परत बोलावलंय.

---

नाइटड्यूटी | रविवार, सकाळी ११.३२

म्हणजे अजून तसंच आहे?? तेल लावा आधी. कडेने.

---

चरई_ते_चेंदणी | रविवार, दुपारी १२.१०

निघालं. दहा मिनिटं लागली. बाबांनी हूं की चूं केलं नाही. खाली अगदी बारीक लाल रिंग आहे, मधला भाग बरा. म्हणजे डिंक, बरोबर?

---

नाइटड्यूटी | रविवार, दुपारी १२.१४

बरोबर. फाइलवर लिहून ठेवा.